नोंदवहीतले नाव : मायाळू पात्राची फेरतपासणी

रहस्यकथेतील मायाळू पात्राविषयी आपल्याकडे एक ठरलेली समजूत आहे. असे पात्र म्हणजे मुखवटा. वर गोड हसू, आत काळे कारस्थान; शेवटी लेखक मुखवटा ओढून काढतो आणि वाचक दचकतो. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही समजूत अंगवळणी पडली आहे. वर्गात अशा कथा शिकवणारे आम्ही मास्तर लोकही ‘दिसणे आणि असणे यांतील अंतर’ एवढे वाक्य फळ्यावर लिहून मोकळे होतो. मी स्वतः अनेक वर्षे हेच शिकवत आलो. हिंगोलीच्या माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या साध्या प्रश्नाने ही समजूत माझ्यापुरती मोडीत निघाली. ती का निघाली, ते या लेखात मांडायचे आहे.

आम्ही रोआल्ड डाल यांची ‘द लँडलेडी’ ही कथा वाचत होतो. कथा संपली. शेवटचा अर्थ मुलांच्या ध्यानात आला, वर्ग थोडा शहारला. मी नेहमीप्रमाणे मुखवट्याची चर्चा सुरू केली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्या बाईनं पोराला नाव न इचारता आत कसं काय घेतलं?”

मुलगी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. त्या महिन्यात ती शहरात खोली शोधत होती, हे मला माहीत होते. बाईने पुढे काय केले याचे तिला फारसे नवल वाटले नव्हते. नवल वाटले होते ते दार इतक्या सहज उघडल्याचे.

१

डाल यांची ही कथा १९५९ साली ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन नियतकालिकात आली आणि पुढच्या वर्षी ‘किस किस’ या संग्रहात समाविष्ट झाली. सतरा वर्षांचा बिली वीव्हर नोकरीवर रुजू होण्यासाठी लंडनहून आगगाडीने बाथ या गावी येतो. रात्रीचे नऊ वाजलेले असतात, थंडी कडक असते. उतरण्यासाठी दुसरे ठिकाण त्याला सुचवलेले असते. पण वाटेत एका घराच्या खिडकीत मुक्कामाची सोय असल्याची पाटी दिसते. आत शेकोटी, शेकोटीपुढे झोपलेला कुत्रा, पिंजऱ्यात पोपट. घंटीवरचे बोट उचलायच्या आत दार उघडते आणि एक प्रौढ, हसतमुख बाई त्याला आत बोलावते. भाडे न्याहारीसह साडेपाच शिलिंग. तो जेवढे द्यायला तयार होता त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. वर खोलीत बिछाना तयार आहे, त्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली आहे.

नावाचा विषय यानंतर निघतो. बाई त्याला खाली बोलावून नोंदवहीत नाव लिहायला लावते. वहीत आधीची दोनच नावे आहेत, आणि ती दोन-तीन वर्षांपूर्वीची. बिलीला ती कुठेतरी वाचल्यासारखी, बहुधा वर्तमानपत्रात वाचल्यासारखी वाटतात. बाई त्याचे नाव सारखी चुकते. आधीच्या तरुणांच्या अंगकांतीविषयी आणि दातांविषयी मात्र ती बारकाईने बोलते. कुत्रा आणि पोपट जिवंत नसून आत पेंढा भरून ठेवलेले आहेत, आणि ते काम बाईनेच केले आहे, हे उघड होते. चहाला कडू बदामाची चव येत असते. यापुढे लेखक काही सांगत नाही. सांगावे लागतही नाही.

डाल यांचे कसब वादातीत आहे. एकही खूण त्यांनी लपवलेली नाही. वाचकाला सारे कळत जाते आणि बिलीला काहीच कळत नाही, या फरकावरच कथेचा ताण उभा आहे. परंतु बिलीला का कळत नाही? आस्वादक समीक्षा म्हणेल की तो भोळा आहे, वयाने लहान आहे. हे उत्तर अपुरे आहे. बिलीला कळत नाही, कारण अनोळखी गावात अनोळखी बाईने आपल्याला हसून आत घ्यावे, यात त्याला काही वावगे वाटत नाही. नवा सूट, नवी टोपी, झपझप चाल असलेला हा तरुण जगाचे दार आपल्यासाठी उघडणारच असे धरून चालतो. त्याच्या समाजाने त्याला तसे शिकवले आहे. त्याचा भोळेपणा हा स्वभावाचा जितका, तितकाच सामाजिक स्थानाचा आहे. दार स्वतःहून उघडले म्हणजे सावध व्हायचे, हे शिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. माझ्या विद्यार्थिनीला ते दहाव्या वर्षीच मिळालेले होते.

आणखी एक गोष्ट. ही बाई सर्वांवर माया करत नाही. आपण माणसे निवडून घेतो, हे ती स्वतःच सांगते. योग्य तरुण कधीतरी येईल म्हणून तिचे घर रात्रंदिवस सज्ज असते. म्हणजे तिच्या मायेला निकष आहे; तो कोणता, हे फक्त पाहुण्याला ठाऊक नाही. मुखवटा हा शब्द येथे लटका पडू लागतो. बाई बिलीला पाहून खरोखरच आनंदली आहे. तिच्या हसण्यात खोट नाही. प्रश्न इतकाच आहे की तो आनंद बिली नावाच्या माणसासाठी आहे, की तिने मनात योजलेल्या वस्तूसाठी?

२

नोकरीसाठी आगगाडीने परगावी आलेला तरुण, मुक्कामाची जागा आणि नोंदवही. एवढे तीन धागे हातात आले की आपल्यापैकी कोणालाही दुसरी एक नोंदवही आठवल्यावाचून राहत नाही. ती कथेतली नाही.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला आले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला जागा नव्हती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ते एका पारशी उतारशाळेत गेले. हे गृहस्थ पारशी नाहीत हे तेथील कारभाऱ्याच्या लक्षात आले. जागा पारशांसाठीच होती. पण पाहुणे येत नसल्याने कारभाऱ्यालाही मिळकत हवी होती. त्याने तोड काढली. वहीत पारशी नाव लिहा आणि राहा. जेवणाखाण्यासह रोज दीड रुपया. बाबासाहेबांनी नाव लिहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या फर्निचरने भरलेले दालन, रात्री कंदिलाचा मिणमिणता उजेड, सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि तू कोण, असा सवाल त्यांनी केला. आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असा हुकूम झाला.

काठ्या घेऊन आलेल्यांची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते त्या दिवशीच्या दोन मित्रांकडे. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले. त्याला वाईट वाटले, संतापही आला. पण तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे राहिलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. दोघांनीही दार आपटले नाही, दोघांनीही अपशब्द वापरला नाही. बाबासाहेब काही तास कामाठी बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ही सभ्य माणसे लबाड होती असे म्हणता येत नाही. त्यांची हळहळ खरी होती. पण दयाळू माणसाच्या घरात नकार देणारा नेहमी दुसराच कोणी असतो : कधी नोकर, कधी पत्नी, कधी शेजारी. दया स्वतःच्या नावावर जमा होते आणि नकार दुसऱ्याच्या खात्यावर टाकला जातो. काठी घेऊन आलेल्या माणसाला निदान ओळखता येते. या माणसाला ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि रहस्यकथेचे सारे शास्त्र वापरूनही तो सुटत नाही.

डाल यांच्या कथेत तरुण खरे नाव लिहितो आणि त्याचा घात होतो. बडोद्यात खरे नाव लिहिण्याची सोयच नव्हती. खोट्या नावावर अकरा दिवस मिळाले. या दोन वह्या शेजारी ठेवल्या की भयाचे भूगोल किती वेगळे असतात ते दिसते.

३

मराठीत या प्रश्नाला कथेचे रूप दिले ते बाबुराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेची चर्चा आपण विद्रोहाची कथा म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. पण ती एक अस्सल ताणकथा आहे, याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. प्रस्थापित समीक्षेला तिच्यात आक्रोश ऐकू आला, आपल्या समीक्षेला घोषणा ऐकू आली. तिच्या रचनेकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले.

रचना पाहा. मुंबईचा तरुण रेल्वेच्या नोकरीवर सुरतेजवळच्या उधन्याला येतो. कष्टाचे आणि नव्या भारताचे स्वप्न त्याच्या डोळ्यांत आहे, ओठांवर कविता आहे. खोलीची बोलणी निघतात आणि रणछोड त्याला जात विचारतो. तरुण उसळतो, असा प्रश्न विचारतोसच कसा म्हणून त्यालाच झापतो. रणछोड वरमतो. ज्याचा आवाज इतका ताठ तो वरच्या जातीचाच असणार, असे त्याचे गणित. त्या क्षणापासून मायेचा पूर सुरू होतो. रामचरण तिवारी हा ब्राह्मण त्याच्या कवितेवर भाळतो, त्याला घरी नेतो, पंक्तीला बसवतो. आदर वाढत जातो, आणि आदर जितका वाढतो तितका वाचकाच्या पोटात गोळा येतो. कारण रहस्य कोणाच्या पदरी आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

रहस्यकथेचा साचा बागुलांनी येथे उलटा केला आहे. नेहमीच्या कथेत यजमानाकडे गुपित असते आणि पाहुणा निष्पाप असतो. येथे गुपित पाहुण्याकडे आहे आणि यजमान निष्पाप आहे! रणछोड आणि तिवारी यांच्या मनात कपट नाही. त्यांचे प्रेम नाटकी नाही. अखेरीस जात उघडी पडते आणि मार बसतो, तेव्हा कोणताही मुखवटा गळून पडत नाही. चेहरा तोच असतो. माया तीच असते. फक्त ती ज्या नावावर दिली होती ते नाव वहीतून खोडले जाते.

येथे एक आक्षेप येईल. रणछोड प्रामाणिक असेल, तर फसवले कोणी? निवेदकानेच ना? शीर्षकातही चोरीची कबुली आहे. हा आक्षेप मी सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर कथेतच आहे. निवेदकाने काय चोरले? कष्ट त्याचे स्वतःचे, कविता त्याची स्वतःची, माणूसपण त्याचे स्वतःचे. त्याने दुसऱ्या जातीचे नावही घेतलेले नाही. प्रश्नाचे उत्तर तेवढे दिले नाही. उरलेले सारे रणछोडने स्वतःच्या मनाने भरले. तरीही गुन्हा त्याच्याच नावावर लागतो, कारण जेथे माया जातीच्या हिशेबाने वाटली जाते तेथे हिशेबाबाहेर मिळालेला एक घासही चोरीचा ठरतो. शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द कबुलीजबाब म्हणून वाचणे म्हणजे फिर्यादीचे म्हणणे निकाल म्हणून वाचणे होय.

मग या मायेला फसवी का म्हणायचे? हेतूने ती फसवी नाही. ती फसवी आहे परिणामाने. ती पाहुण्याच्या मनात आशा निर्माण करते. हा माणूस माझी कविता जाणतो, हा माझ्यासोबत जेवतो, याला सारे कळले तरी हा बदलणार नाही, अशी ती आशा. वाचकही त्या आशेत ओढला जातो. मी ही कथा जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा शेवट माहीत असूनही तिवारीविषयी मला आशा वाटली. बागुलांनी लावलेला खरा सापळा हा आहे. डाल यांच्या कथेत आपण बिलीच्या पुढे असतो, त्याच्या भोळेपणाची कीव करतो. बागुलांच्या कथेत आपणच बिली होतो.

या कथेत आणखी एक माणूस आहे, आणि त्याच्यावाचून ही चर्चा पुरी होत नाही. काशिनाथ सकपाळ. त्याने आपली जात लपवली नाही आणि त्याची किंमत मोजली. तो तापट आहे, चाकू बाळगतो, गोड बोलणे त्याला जमत नाही. रूढ अर्थाने कथेतले हे भीतिदायक पात्र. पण निवेदक मार खात असताना धावून येतो तो हाच. त्याने वही पाहिली नाही. रहस्यकथेच्या परिभाषेत बोलायचे तर कथेतला खरा दयाळू माणूस आपल्यापुढे पहिल्यापासून उभा होता, आणि आपण तिवारीकडे पाहत होतो.

कथेत दोष नाहीत असे नाही. निवेदकाची भाषणे काही ठिकाणी प्रसंगापेक्षा मोठी होतात. काशिनाथ मधूनच माणूस राहत नाही, भूमिका होतो. मार खाल्ल्यानंतर निवेदक मारणाऱ्यांकडून थेट मनूकडे बोट दाखवतो. विचार म्हणून हे बरोबर आहे. पण त्यामुळे रणछोड थोडा सुटतो, असे मला वाटते. मनू पुस्तकात आहे. वही मात्र रणछोडच्याच हातात होती, आणि ती बंद करणे त्याला शक्य होते.

४

हे सारे साहित्यापुरते असते तर बरे झाले असते.

घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नोकरी लागली तेव्हा मराठवाड्यातल्या एका गावात मी खोली पाहायला गेलो. दारावर पाटी होती, ‘खोली भाड्याने देणे आहे, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’. घरमालकीणबाई खरोखर प्रेमळ होत्या. पाणी दिले, चहा दिला, प्राध्यापक म्हटल्यावर कौतुक केले, आपल्या मुलाच्या अभ्यासाविषयी सल्लाही विचारला. मग आडनाव विचारले. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून पत्ता लागेना. मग मूळ गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, मग घरात कोणत्या देवाचे करता. मी घरात बुद्धवंदना होते म्हणून सांगितले. बाईंचे हसू मावळले नाही. त्या म्हणाल्या, “आमचं काही नाही हो सर, आम्ही नाही मानत असलं काही. पण सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत.”

सासूबाई मला दिसल्या नाहीत. बडोद्याच्या त्या मित्राचे नोकरही बाबासाहेबांना कोणी दाखवले नव्हते. चहा मात्र मी पुरा प्यालो.

असा नकार कोणत्या कायद्याच्या चौकटीत बसवायचा? शिवी दिली तर साक्षीदार मिळतो. सासूबाईंच्या जुन्या वळणाचा पंचनामा होत नाही. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ आणि १९८९ च्या कायद्यांनी तिला शिक्षा ठेवली. पण सौम्य शब्दांत, चहाच्या कपासोबत आलेल्या नकाराचा पुरावा मागे उरत नाही.

माझ्या वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदवतो. १९७८ साली २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. वडील तेव्हा शाळकरी वयाचे. गावात एक घर होते, तेथून सणावाराला आमच्या घरी पुरणपोळी यायची. त्या रात्री आजीने ते दार वाजवले. आत दिवा होता, माणसे जागी होती. दार उघडले नाही. “ते लोक मारणाऱ्यांत नव्हते,” वडील दर वेळी आवर्जून सांगतात. पोळ्याच्या सणाला त्याच घरून पुन्हा पुरणपोळी आली. आजीने ती घेतली का, असे मी एकदा विचारले. वडील म्हणाले, “घेतली. लेकरं उपाशी होती.”

५

आपल्या तरुण कथाकारांना मला एक सुचवायचे आहे. आत्मकथनाने आपल्या साहित्याला मोठे बळ दिले. पण रहस्यकथा, ताणकथा हा प्रकार मध्यमवर्गीय करमणुकीचा म्हणून आपण बाजूला ठेवला. तसे करण्याचे कारण नाही. दार वाजवून बाहेर उभे राहणे, आत दिवा दिसत असणे, आतला माणूस चांगला आहे हे ठाऊक असणे आणि तरीही तो काय करील हे ठाऊक नसणे, याहून मोठा ताण कोणत्या कथेत असतो? तो आपल्या घराघरांत पडून आहे. बागुलांनी तो १९६३ साली वापरून दाखवला. त्यानंतर आपण तो उचलला नाही, ही उणीव आपली आहे.

आणि शिकवणाऱ्यांना हे सुचवायचे आहे की मायाळू पात्र वर्गात आले की त्याच्या चेहऱ्यामागे काय आहे हे शोधत बसू नये. चेहऱ्यामागे बहुधा तोच चेहरा असतो. वही कोणाच्या हातात आहे, नाव केव्हा विचारले गेले, आणि नाव बदलले तर ही माया उरली असती का, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. रहस्य त्यातच उलगडते.

त्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या तासाला अभ्यासक्रम बाजूला ठेवून बागुलांची कथा वर्गात मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच मुलगी म्हणाली, “सर, काशिनाथकडं खोली असती तर बरं झालं असतं.”

सत्र संपेपर्यंत ती रोज सकाळी गावाहून एसटीने येत राहिली.